सगळ्यांचा लॉकडाऊन उठला, आमच्या ह्यांचा उठेना. डोक्याला मार लागलेल्या माणसाकडे माणसं परत कशी आणायची?

तळ्याकाठची | २० ऑक्टोबर २०२१

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचतेय इथं, आज पहिल्यांदा लिहायला बसलेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही मिरजेचे. ह्यांचं वय ४३, इलेक्ट्रिकचं दुकान. नोव्हेंबर २०१९ ला रात्री दुकान बंद करून येताना गाडी घसरली, हेल्मेट नव्हतं. डाव्या बाजूला मेंदूत रक्तस्राव, त्याच रात्री ऑपरेशन, आणि सूज वाढत चालली म्हणून कवटीचा एक तुकडा काढून तो पोटाच्या कातडीखाली ठेवला. लोकांना सांगितलं की खोटं वाटतं पण खरंच तसं ठेवतात, म्हणजे नंतर आपलंच हाड आपल्याला परत बसवता येतं. दीड महिन्यानं घरी आले तेव्हा उजवा हात-पाय लुळा आणि बोलणं पार गेलेलं. समोरच्याचं कळायचं बऱ्यापैकी, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "चल". पाणी पाहिजे तरी चल, राग आला तरी चल, लेक शाळेतून आली तरी चल.

तरी जानेवारी-फेब्रुवारी बरे गेले म्हणायचे. दुकानाशेजारच्या चहाच्या टपरीवरचे ह्यांचे चार दोस्त आहेत, पंधरा-वीस वर्षांचे. त्यातला रोज एक तरी चक्कर टाकायचा. फिजिओचा मुलगा दिवसाआड यायचा. हाड परत बसवायची तारीख मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यातली मिळाली होती.

मग २२ मार्च. संध्याकाळी पाचला आमच्या गल्लीत थाळ्या, शंख, कुणीतरी फटाकेसुद्धा लावले. मीही गॅलरीत थाळी-चमचा घेऊन उभी होते आणि आतून ह्यांचा आवाज आला. जाऊन बघते तर जिथं हाड नाही त्या बाजूवर हात दाबून धरलेला, कॉटच्या आणि कपाटाच्या मधे अंग चोरून बसलेले, आणि "चल चल चल चल". चमचा माझ्या हातातच होता. तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

पुढचं सगळ्यांना माहितीच आहे. इस्लामपूरला पेशंट निघाले आणि अख्खा जिल्हा हादरला, सोसायटीनं गेटला बांबू बांधले, फिजिओच्या मुलाला आत सोडेनात, दिवसाच्या मावशी येत होत्या त्यांना त्यांच्या गावानं अडवलं. ऑपरेशन पुढं गेलं, आधी जून म्हणाले मग सप्टेंबर, शेवटी डिसेंबरात झालं. म्हणजे आणखी नऊ महिने डोक्याच्या डाव्या बाजूला वाटी बसेल एवढा खळगा घेऊन हा माणूस घरात. एकदा गॅलरीत बसले असताना समोरच्यांचं लहान पोर बघून किंचाळलं. त्या दिवसापासून टोपी, आणि मागची खोली. तेव्हा वाटायचं, जाऊ दे, सगळं जगच घरात बसलंय, आपलंच काय वेगळं.

आता वेगळं आहे ना. हाड बसलं, केस आले, दोन्ही डोस झाले, काठी घेऊन चालतात, पन्नासेक शब्द आलेत. घटस्थापनेला देवळं उघडली, टपरी गच्च भरते. काल कोजागिरीला गच्चीवर सगळी सोसायटी दूध प्यायला जमली होती, खाली आवाज येत होता. आणि आमच्याकडं कोण येत नाही. फोन केला की "येतो वहिनी, जरा हे निवळू दे". निवळलं की हो. गोव्याला जाऊन आले चौघं गेल्या महिन्यात, स्टेटसला फोटो होते. हे पण बघतात स्टेटस. तो फोटो त्यांनी डाव्या बोटानं मोठा केला, एकेक चेहरा सरकवत सरकवत बघितला, आणि मोबाईल उलटा करून उशीखाली ठेवला.

मी म्हणते चला गणेश तळ्यापर्यंत जाऊन येऊ, तर "नको". हा शब्द मात्र अगदी स्वच्छ येतो. त्यांना खरंच नको आहे, का आजारामुळं तसं होतंय, का मनानं खचलेत, मला कळेना झालंय. आणि त्या दोस्तांना काय बोलू? हातापाया पडून आणलेली माणसं एकदाच येतात. कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा. माझंही सांगायचं तर, गेल्या दीड वर्षात कोणाशी दहा मिनिटं सलग बोललेय तर ती आत्ता तुमच्याशी.

---

अप्पा_कराड | २० ऑक्टोबर

ताई, धीर सोडू नका. माझ्या मेव्हण्याला असंच झालं होतं, दोन वर्षं गेली पण सुधारला. ब्राह्मी आणि शंखपुष्पी सुरू करा, आमच्याकडे एक चांगले वैद्य आहेत. दोस्तांचं काय मनावर घेऊ नका, वाईट वेळेला कोण कुणाचं नसतं.

---

वाचाउपचार | २० ऑक्टोबर

अप्पा, तुमची कळकळ समजते, पण अशा पेशंटना बहुतेक वेळा फिटची गोळी चालू असते, त्यात न विचारता काहीही वाढवू नये. ताई, तुम्ही आधी न्यूरोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका प्लीज. मी स्पीच थेरपिस्ट आहे, आत्ता क्लिनिकमध्ये आहे, रात्री सविस्तर लिहिते.

---

हळूहळू | २३ ऑक्टोबर

मी हे तीन दिवसांत लिहिलं. रोज थोडं. एकदम लिहिलं की डोकं भरून येतं आणि मग दिवसभर झोपून राहावं लागतं. चुका असतील.

२०१४ ला लोकलमधून पडलो. डोंबिवली. कपाळाच्या मागचा भाग दुखावला. चालतो बोलतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. पण आवाज सहन होत नाही, दोन माणसं एकदम बोलली तर दोघांचंही कळत नाही, आणि एखादी गोष्ट सुरू कशी करायची तेच सुचत नाही. समोर आंघोळीचं पाणी काढलेलं असतं आणि मी बसलेला असतो.

तुमच्या ह्यांचा लॉकडाऊन मार्च २०२० ला सुरू झाला असं तुम्ही लिहिलंय. तसं नसतं ताई. माझा सहा वर्षं आधीच सुरू झाला होता. ऑफिसची माणसं पहिले सहा महिने आली, मग वाढदिवसाला फोन, मग नुसता मेसेज, मग तेही नाही. कोणी वाईट नव्हतं त्यात.

एक खरं सांगतो, कोणाला सांगितलं नव्हतं. लॉकडाऊनचे पहिले दोन महिने मला बरं वाटलं. रस्त्यावर हॉर्न नाही, लग्नं नाहीत, कोणी विचारत नाही कामावर कधी जाणार. सगळं जग माझ्या स्पीडला आलं होतं. मग वाईट झालं. वन बीएचकेमध्ये भाऊ फोनवर, वहिनी फोनवर, पुतण्याची शाळा मोबाईलवर, टीव्हीवर रामायण. मी बाथरूममध्ये जाऊन बसायचो, तिथेच काय ती शांतता.

शाळेच्या ग्रुपनी झूमवर गेट-टुगेदर ठेवलं. बावीस चौकोन. कोण बोलतंय ते शोधेपर्यंत दुसरा बोलायला लागायचा. सगळे हसले की मी हसायचो. चाळीस मिनिटं झाली, मीटिंग आपोआप बंद पडली, आणि दोन दिवस डोकं दुखलं. सगळ्यांना वाटलं किती छान, हा पण आला.

आता खरी गोष्ट सांगतो. स्टेशनजवळ एक उडप्याचं हॉटेल होतं. रोज सकाळी दहाला मी एकटा जायचो, घरचे लांबून बघायचे आधी, मग ते पण बंद केलं. तिथला वेटर मला काही विचारायचा नाही. मी बसलो की इडली आणि अर्धा चहा आणायचा, कोपऱ्यातलं टेबल, जिथे पंख्याचा आवाज कमी. पैसे मोजायला मला वेळ लागायचा तर तो उभा राहायचा, दुसरीकडे बघत. आमचं बोलणं काय, "आज ऊन आहे", "हो". बाहेरच्या जगात मला ओळखणारा तो एक माणूस होता आणि मला तेव्हा कळलं नव्हतं. हॉटेल बंद झालं, तो गावाला गेला, परत उघडलं तेव्हा तिथे दुसरी पोरं होती. मला त्याचं नाव पण माहीत नाही.

फेब्रुवारी २०२१ ला लोकल सगळ्यांसाठी उघडल्या तेव्हा भाऊ म्हणाला चल जाऊन येऊ. जिन्यापाशी मी थांबलो. दहा महिने न केलेली गोष्ट माझ्या डोक्यातून पुसली जाते, ती परत शून्यापासून शिकावी लागते, आणि मधल्या काळात लोकांना वाटतं आता तर याला यायला पाहिजे. मग एप्रिलला परत बंद. परत शून्य.

"नको" बद्दल. मी पण नको म्हणतो. तळं नको असं नसतं ते. तिथे कोणी भेटेल, काहीतरी विचारेल, माझं उत्तर यायच्या आत तो बायकोकडे, म्हणजे माझ्या बाबतीत भावाकडे, बघून विचारेल "कसा आहे आता?", ते नको असतं.

एका वेळी एक माणूस. वीस मिनिटं. रोजची तीच वेळ. टीव्ही बंद. आणि जाताना त्याने सांगायचं परत कधी येणार. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "येतो परत" नाही. वार सांगायचा.

---

वाचाउपचार | २३ ऑक्टोबर

त्या दिवशी रात्री लिहिते म्हणाले आणि जमलं नाही, ताई माफ करा. पण बरं झालं, हळूहळू यांनी जे लिहिलंय ते मला पंचवीस वर्षं पेशंट बघून सुद्धा इतकं नीट सांगता आलं नसतं.

तुमच्या मिस्टरांना जे झालंय त्याला वाचाघात म्हणतात. भाषा बहुतेक लोकांची मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि मार तिथेच बसलाय. बुद्धी, आठवणी, आवडीनिवडी, दोस्तांवरचा राग, सगळं आत असतं, शब्दाचं दार अडकलेलं असतं. हे त्यांच्या दोस्तांना कोणीतरी नीट सांगायला हवं, कारण लोक दोनपैकी एक चूक करतात, एकतर लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने बोलतात, नाहीतर त्यांच्यादेखत तुमच्याशीच बोलतात. मास्कने आणखी वाट लावली. ऐकलेलं पटकन लागत नाही तेव्हा हे पेशंट समोरच्याचे ओठ आणि चेहरा वाचतात, आणि दीड वर्षं त्यांना नुसते डोळे दिसतायत. दोस्त आले तर उघड्यावर, दोन हात लांब बसवा, मास्क खाली करून बोलता येईल असं.

बोलायचं कसं, तर एक छोटा प्रश्न विचारायचा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. दहा सेकंद फार मोठे वाटतात, दोस्तांना आधी सांगून ठेवा. शब्द त्यांच्या तोंडातून ओढून काढायचा नाही, वाक्य पुरं करून द्यायचं नाही. समोर कागद-पेन ठेवायचं, "दुकान की घर?" असे दोन शब्द लिहायचे आणि बोट ठेवायला द्यायचं. आणि कळलं नसेल तर कळल्यासारखी मान हलवायची नाही, त्यांना लगेच समजतं. "नाही कळलं रे, परत सांग" म्हटलेलं त्यांना जास्त आवडतं.

आरत्या म्हणून बघितल्यात का? पाठ असलेलं, चालीतलं, आकडे, वार, हे बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतं, त्यामुळे ज्याला "पाणी" म्हणता येत नाही तो अख्खी आरती म्हणतो. शिव्यांचं पण तसंच. घरच्यांना लाज वाटते, पण तो माणूस बिघडलेला नसतो, शिवी तेवढी त्या दारातून सुटते.

आता तुमचा खरा प्रश्न, नको आहे की आजार की मन. तीनही असू शकतं आणि मी इथून सांगू शकत नाही, पण एक बघा. माणूस आला की ते खुलतात का? खुलत असतील तर इच्छा आहे, फक्त भीती आहे किंवा सुरुवात होत नाहीये, मेंदूचा पुढचा भाग दुखावला की ती सुरुवातच अडते, त्याला लोक आळस म्हणतात. पण माणूस येऊनही काहीच फरक नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, रडू येत असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, मेंदूच्या इजेनंतर डिप्रेशन खूप जणांना येतं आणि त्यावर औषध आहे. चिडचिड जास्त असेल तर फिटची गोळी कुठली आहे ते बघा, लेव्हेटिरॅसिटाम असेल तर काहींना त्याने चिडचिड वाढते. डॉक्टरांना सांगा, पण मनाने बंद मात्र अजिबात करू नका.

दोन वर्षं झाली म्हणजे संपलं असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. सुधारणेचा वेग पहिल्या वर्षात जास्त असतो एवढंच, दार बंद होत नाही. थेरपी थांबली असेल तर परत सुरू करा, व्हिडिओवरही होते. लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळ्यांनीच शिकून घेतलं ते, आणि वन-टू-वन असेल तर बरीच चालते, मोबाईल स्टँडवर लावा, उजवा हात चालत नाही तर धरायला लावू नका. मुंबईला येणं होणार असेल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे वाचा आणि श्रवणासाठी, हाजीअलीला फिजिकल मेडिसिनची केंद्र सरकारची संस्था आहे, दोन्हीकडे वाजवी पैशात दाखवता येतं.

आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलंय का? २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात डोक्याची इजा असा वेगळा प्रकार नाही, म्हणून अनेकांना खिडकीवरून परत पाठवतात. पण हातापायाचं चलनवलन आणि वाचा-भाषा असे दोन्ही प्रकार त्यात आहेत, तुमचे मिस्टर त्यात बसू शकतात. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, ४० टक्के किंवा त्याहून जास्त निघालं तर सवलती लागू होतात.

तुमच्यासाठी, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री अडीचला कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर करा.

---

लेस्टरहून | २४ ऑक्टोबर

मूळ सांगलीची, इथे इंग्लंडमध्ये ११ वर्षं, मेंदूला इजा झालेल्या लोकांकडे सपोर्ट वर्कर म्हणून जाते. मिरज वाचलं आणि राहवलं नाही.

ताई, इथे सगळं असतं असं तिकडे वाटतं म्हणून सांगते. इथे हेडवे नावाची संस्था आहे, १९७९ पासूनची, गावोगावी त्यांचे गट आहेत, लोक आठवड्याला जमतात, चहा पितात, चित्रं काढतात. मार्च २०२० मध्ये ही जमायची ठिकाणं बंद झाली. आमच्या लेस्टरचं तर विशेषच, बाकी इंग्लंड जुलैत उघडलं आणि लेस्टर एकटं परत बंद केलं. मी ज्यांच्याकडे जाते ते एक साठीचे गृहस्थ, एकटे राहतात, त्यांना रोज सकाळी फोन करायचा हे माझं काम झालं होतं. पण त्यांना आठवायचं नाही की मी काल फोन केलेला. रोज पहिलं वाक्य, "इतक्या दिवसांनी?" मी मग त्यांच्या दारात वही ठेवून आले, फोन झाला की त्यांनी स्वतः तारीख लिहायची. नोव्हेंबरपर्यंत वही भरली. ज्याला आठवत नाही त्याला एकटेपणाही आठवत नसेल असं कोणी म्हणालं की मला ती वही दाखवावीशी वाटते.

उपयोगाची एक गोष्ट. हेडवेनं इथे ओळखपत्र काढलंय, फोटो असतो आणि त्या माणसाला काय अडचण आहे ते लिहिलेलं असतं. दुकानात, बसमध्ये दाखवतात. तुम्ही घरीच करा की मराठीत. एका बाजूला फोटो आणि नाव, दुसऱ्या बाजूला "माझ्या मेंदूला इजा झाली आहे. मला तुमचं बोलणं समजतं. उत्तर द्यायला वेळ लागतो. कृपया थांबा." लॅमिनेट करून गळ्यात नाही, खिशात. कधी काढायचं ते त्यांना ठरवू दे. हळूहळू दादांनी लिहिलंय ना, लोक बरोबरच्या माणसाकडे बघून विचारतात, त्याला हे उत्तर आहे. माझे ते गृहस्थ पहिल्यांदा ब्रेडच्या दुकानात कार्ड दाखवून आले तो दिवस मला आठवतो.

आपल्याकडे पण काम चालतं या विषयात, जोधपूरच्या गजसिंह महाराजांच्या मुलाला २००५ ला पोलो खेळताना डोक्याला जबर मार बसला, त्यानंतर त्यांनी २००७ ला इंडियन हेड इंजरी फाउंडेशन काढलं. पण आपल्या गावात, मराठीत, असे दहा जण जमतात असा कट्टा मला अजून सापडला नाही. मिरज-सांगलीत दवाखान्यांची काय कमी आहे का, पण डिस्चार्जनंतर कोण? मी डिसेंबरमध्ये येणार आहे, विमानांचं नीट राहिलं तर तुमच्याकडे नक्की येते. वीस मिनिटं. आणि वार सांगून.

---

जुना_दोस्त_कोल्हापूर | २६ ऑक्टोबर

हे लिहायला मला दोन दिवस लागले आणि मला काही झालेलं नाही.

ताई, मी तुमच्या मिस्टरांना ओळखत नाही, पण मी तो दोस्त आहे. माझा मित्र २०१८ ला बांधकामावरून पडला. कॉलेजपासूनचा. मी पहिले चार महिने जात होतो. मग एकदा गेलो तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला सुरुवात केली, काहीतरी सांगत होता, एक अक्षर कळत नव्हतं, त्याची आई बाजूला उभी, आणि मी "हो हो" म्हणत राहिलो. बाहेर आलो आणि गाडी चालू करून तशीच थांबवून बसलो रस्त्याच्या कडेला. परत जायचं ठरवायचो, पोटात गोळा यायचा. मग कोरोना आला आणि खरं सांगतो, सुटलो असं वाटलं. आता न जायला कारण होतं. चांगलं कारण होतं, त्याच्याच काळजीचं. तेच कारण मी अजून वापरतोय, दोन डोस घेऊन, लग्नं करून, सिनेमाला जाऊन.

त्याची आई एप्रिलमध्ये कोविडनं गेली. मला दहाव्या दिवशी कळलं, ग्रुपवर.

तुमच्या दोस्तांना तुम्ही "या" म्हणता तेव्हा त्यांना काय ऐकू येतं सांगतो. येऊन काय करायचं तेच कळत नाही. पुरुषांना नुसतं बसून बोलायला येत नाही हो, आमचं सगळं काहीतरी करत करत चालायचं, चहा, क्रिकेट, गाडी धुणं. त्यांना काम द्या. म्हणा, गुरुवारी पाच वाजता टपरीवरचा चहा घेऊन ये, वीस मिनिटं बस, जा. चौघांना एकदम नको, एकालाच, आणि जो सगळ्यात कमी बोलका आहे त्याला. आणि "वाचाउपचार" यांनी लिहिलंय ते फॉरवर्ड करा त्याला, मी वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी त्या दिवशी "नाही कळलं रे" म्हणू शकलो असतो.

मी रविवारी जातोय त्याच्याकडे. इथं लिहिलं म्हणजे जावंच लागेल.

---

तळ्याकाठची | २६ ऑक्टोबर

मला सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायचं होतं पण मघापासून वाचतेय आणि डोळे भरून येतायत. हळूहळू दादा, ते तुमचं "रोजची तीच वेळ" मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं. आणि तुम्ही म्हणता ते खरंय, लोक माझ्याकडंच बघून विचारतात, आणि मीच पटकन उत्तर देते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मीच त्यांच्या तोंडचा घास काढून घेत होते.

वाचाउपचार ताई, आज आरती म्हणून बघितली. शेवटपर्यंत म्हटली त्यांनी. लेक दारात उभी राहून ऐकत होती, दोन वर्षांत तिनं बापाचा एवढा सलग आवाज ऐकला नव्हता.

कोल्हापूरच्या दादा, जाऊन या. कसं झालं ते सांगा.

---

जुना_दोस्त_कोल्हापूर | १ नोव्हेंबर

जाऊन आलो. दार त्याच्या बहिणीनं उघडलं, ओळखलं नाही तिनं मला आधी. तो कॅरमचं बोर्ड पुसत बसला होता. मला बघून हसला नाही, बोलला नाही, नुसती बाजूची खुर्ची सरकवली. आम्ही अर्धा तास कॅरम खेळलो, तो डाव्या हाताने. आईबद्दल मी काही बोललो नाही, त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं, मी मान हलवली. पुढच्या रविवारी अकराला येतो सांगितलंय.

---

तळ्याकाठची | ८ नोव्हेंबर

दिवाळीमुळं लिहायला उशीर झाला. चौघांतला जो सगळ्यात अबोल, त्याला पाडव्याला सकाळी फोन केला आणि दादांनी सांगितलं तसंच सांगितलं, चहा घेऊन ये, वीस मिनिटं बस आणि जा. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "एवढंच ना वहिनी?" भाऊबीजेला पाच वाजता आला, टपरीवरचा चहा थर्मासमधे आणि येताना टपरीवाल्याकडून दोन काचेचे ग्लास मागून आणले होते. मी ठरवल्याप्रमाणं स्वयंपाकघरात गेले, पण कान तिकडंच. बराच वेळ काही आवाज नाही. मग ह्यांनी चहाचा घोट घेतला आणि गोव्याचं नाव घेऊन एक सणसणीत शिवी हासडली, अगदी स्वच्छ, पूर्वीसारखी. मला वाटलं आता उठून जातोय तो. तो एवढा हसला, एवढा हसला आणि मग रडायलाच लागला. हे त्याच्या पाठीवर डावा हात आपटत होते, "चल. चल."

वीस मिनिटांचा तास झाला. संध्याकाळी सातलाच झोपले, दुसऱ्या दिवशी पण थकलेले होते, डोकं दुखत होतं. पण जेवले नीट. बाहेर यायला अजून नकोच म्हणतात. कार्ड केलंय लॅमिनेट करून, शर्टाच्या खिशात ठेवतात, अजून कुणाला दाखवलं नाही.

तो गुरुवारी पाचला परत येणार आहे. कॅलेंडरवर ह्यांनी स्वतः गोल केला, डाव्या हातानं, तो बुधवारवर पण गेलाय. हळूहळू दादा, एक विचारायचं होतं, ह्या वेळी गॅलरीत बसवू का दोघांना? तिथं वारा छान येतो, पण खाली रिक्षा स्टॉप आहे.

---

हळूहळू | १० नोव्हेंबर

गॅलरी नको अजून. आतलीच खोली. आणि वीस मिनिटं झाली की तुम्ही सांगा, त्या दोघांना कळणार नाही. दुसऱ्या दिवशी काही ठेवू नका.